मधल्या बोटाला चावलेली मुंगी

लाल मुंगी चावली ती देवकीबाईंच्या उजव्या हाताच्या तर्जनीला. त्यांनी झटकलं ते मधलं बोट. तिथं काहीच नव्हतं. मग घाई न करता त्या शेजारच्या बोटाकडे वळल्या, मुंगी चिमटीत धरून फेकली आणि अबोलीचं पुढचं फूल उचललं. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं होतं. फाती, म्हणजे फुलांची वेणी, अर्धी झाली होती.

समोर बसलेल्या त्यांच्या लेकीच्या, क्षमाच्या हातात चहा तसाच राहिला.

गोव्यातल्या मये गावच्या या घरी ती आता दर महिन्याला येत होती. बंगळुरूहून मोपा विमानतळापर्यंत विमानानं, तिथून टॅक्सीनं. बारा वर्षं ती एकाच प्रश्नामागं होती. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, तेव्हा मेंदू त्याच्याशी जुळवून कसा घेतो? आधी पुण्यात उंदीर, मग जर्मनीत उंदीर, आता बंगळुरूला उंदीर. पंजाचा तंतू कापायचा, शिवायचा, वाट बघायची. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. वाढताना पुष्कळदा वाट चुकतो आणि भलत्याच बोटाला पोचतो. तरी काही महिन्यांनी उंदीर दाणा नीट उचलू लागतो. मेंदूनं बोटांचा नकाशा पुन्हा आखला, असं क्षमा लिहायची. गावात कुणी विचारलं तर आई सांगायची, "आमची बाय उंदरांची डॉक्टर."

गेल्या मे महिन्यात फणस कापताना देवकीबाईंचा तोल गेला आणि मनगट आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर आपटलं. आतला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो शिवला. क्षमानं आईच्या तळहातावर पेनानं खुणा केल्या. तंतू या महिन्यात इथवर येईल, त्या महिन्यात तिथवर.

"म्हज्या हातार रस्त्याचें काम काडलां?" आई म्हणाली होती.

दर महिन्याला चाचणी व्हायची. आईच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, यांपैकी एकाला नायलॉनचा बारीक धागा टेकवायचा. कुठल्या बोटाला लावला ते आईनं सांगायचं. ऑक्टोबरात वीसपैकी सहा बरोबर आले. डिसेंबरात चौदा. काल वीसपैकी वीस. सोमवारी परिषदेत क्षमाचं व्याख्यान होतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे उंदराऐवजी माणसाचा हात होता. शेवटच्या चित्रात आईचा पंजा, खाली एकच ओळ: नकाशा पूर्ववत.

"आई, मुंगी कुठं चावली?"

"पयल्या बोटाक."

"मग झटकलंस मधलं?"

देवकीबाई जरा ओशाळल्या. "लागता मदल्याक. पूण मदल्याक लागलें म्हणजे तें पयल्याक, हें म्हाका आतां कळटा. दोगांय बोटांची अदलाबदल जाल्या. फाती करतना दोळ्यांनी पळयत पळयत शिकलें."

"आणि मी धागा लावायची तेव्हा?"

"तेन्नाय तशेंच. मदल्याक लागलें की पयलें म्हणून सांगप. आदीं चुकतालें. मागीर जमलें."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुजी परीक्षा न्हय ती? म्हजे खातीर तूं नापास जावप?"

क्षमानं कप खाली ठेवला. उंदरांना कुणी विचारलंच नव्हतं. दाणा उचलला, म्हणजे बरा झाला. तो दाणा त्यांना कुठल्या बोटाला लागत होता? मेंदूनं नकाशा नव्यानं आखला होता, की चुकीचाच नकाशा पाठ केला होता? दोन्हींत फरक आहे का? असला तर तो मोजायचा कशानं?

तिनं पुन्हा ओढणी बांधली. "आता जुळवून सांगू नकोस. जिथं लागतं तेच बोट सांग."

वीसपैकी सहा. सगळी अंगठ्याची. ऑक्टोबरात होती तेवढीच.

"नापास?" ओढणीआडून आईनं विचारलं.

"नाही."

"मागीर पास?"

क्षमानं लॅपटॉप उघडला. "पूर्ववत" खोडलं. "बरा" लिहिलं, तेही खोडलं. आईनं ओढणी काढून फाती पुन्हा पुढं घेतली. बोटं भराभर चालू लागली.

"शेजारची विनोदिनी सदांच विचारता, हात बरो जालो? कितें सांगूं तिका?"

"तू काय सांगतेस?"

"सांगतां, बाय येवंदी, तिका खबर आसतलें."

क्षमानं तयार झालेली फाती हातात घेतली. गाठी एकसारख्या होत्या. एकही सैल नव्हती. हे फूल कुठल्या बोटानं धरलं असेल आणि कुठल्या बोटाला लागलं असेल, ते फातीवरून काहीच कळत नव्हतं.

सोमवारी पडद्यावर आईचा पंजा आला. खालची जागा कोरी होती. क्षमानं मुंगीपासून सुरुवात केली. पुढं काय सांगायचं, ते तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं.