गेटचा डोळा मी बांधला

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात मला सगळ्यात जास्त लाज ह्याचीच वाटते. दुसऱ्या कुणी केलं असतं तर लोक म्हणाले असते, त्या बिचाऱ्याला काय कळतंय. मला कळत होतं.

आमचं घर पिंपळवंडीच्या शिवारात, गावापासून जरा बाजूला. तिन्ही अंगांनी ऊस. उसात बिबट्या असतो ही आमच्याकडे बातमी नाही. ती कुणी नवीन पाहुणा आला तरच सांगायची. संध्याकाळी गाडी घेऊन आलं की खाली उतरा, लोखंडी गेट ढकला, गाडी आत घ्या, परत मागं जाऊन गेट लावा. त्या दोन मिनिटांत नजर सारखी उसाकडे असायची. शेजारच्या मळ्यातलं कुत्रं बिबट्याने साखळीसकट नेलं, तेव्हा आमच्या ह्यांनी एकदाचं ठरवलं की गेट रिमोटचं करायचं.

मंचरहून एक माणूस मोटर बसवायला आला. सरकतं गेट, खाली रूळ, कडेला मोटरचा डबा, आणि दोन खांबांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर समोरासमोर दोन छोट्या काळ्या डब्या. त्या डब्या म्हणजे गेटचे डोळे. एकीतून न दिसणारा किरण निघतो, दुसरीत जातो, आणि मध्ये कुणी आलं की गेट थांबतं. काम झाल्यावर त्याने गेट बंद करायला लावलं आणि चालत्या गेटसमोर स्वतःचा पाय घातला. गेट थबकलं आणि मुकाट मागं गेलं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ओट्यावर बसून बघत होत्या. सत्तरी उलटलेली, पण पहाटे गवताला जाणारी बाई. त्या उठल्या, नऊवारीचा ओचा सावरला आणि थेट गेटमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. गेट आलं, थांबलं, मागं फिरलं. आत्या लहान पोरीसारख्या हसल्या.

“आगं बया, ह्ये तर मानूस वळखतंय!”

त्यानंतर घरी आलेल्या एकाही पाहुण्याची सुटका झाली नाही. “पावणं, तुमी नुसतं हुबं ऱ्हावा, काय व्हत न्हाई,” म्हणून आधी गेटमध्ये उभं करायचं, मग चहा.

जाताना त्या माणसाने माझ्या हातात प्लास्टिकची एक पिशवी दिली. आत वॉरंटी कार्ड, एक पुस्तिका आणि एक लहानशी वेडीवाकडी चावी. म्हणाला, “मॅडम, लाईट गेली किंवा काय अडकलं, तर ह्या चावीनं मोटर सोडायची, मग गेट हातानं सरकतं. घरात सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि हे पुस्तक एकदा वाचा, लई मोठं न्हाई.” मी हो हो म्हटलं. आणि पिशवी कपाटातल्या बॅगेत टाकली. त्या बॅगेत आमच्या फ्रिजचं, मिक्सरचं, पंख्यांचं, बंद पडून भंगारात गेलेल्या टीव्हीचंसुद्धा कार्ड आहे. सातबाऱ्याइतकी काळजी घेतो आम्ही त्या कागदांची. वाचत मात्र कुणीच नाही.

पावसाळा संपता संपता ह्यांनी वेल्डरला बोलावून गेटच्या खालच्या अर्ध्या भागावर पत्रा मारून घेतला, गजांमधून काही आत शिरायला नको म्हणून. गेट जड झालं, मध्येच अडखळू लागलं. तेव्हा ह्यांनी मोटरच्या डब्यातला जोराचा स्क्रू स्वतःच पिळला आणि गेट पुन्हा झोकात चालू लागलं. “बघ, केलं का न्हाई?” म्हणाले. मीही कौतुक केलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे औतं-अवजारांची पूजा असते. विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टर, पंप, फवारणीचं मशीन, माझी स्कूटी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. आत्यांच्या मते गेट ह्या वर्षी घरात आलेलं नवं यंत्र, त्याचा मान पहिला. आता गेटला कुंकू कुठं लावायचं? जिथून ते माणूस ओळखतं तिथं. दोन्ही काळ्या डब्यांवर त्यांनी बोटभर हळद आणि वर ठसठशीत कुंकू लावलं.

तिन्हीसांजेला गेट उघडलं ते मिटेना. हे आळे गावाला गेलेले, ऊस तोडणीला आलेला, गोठ्यात दोन वासरं, आणि गेट सताड उघडं. माझं डोकं फिरलं. “आत्या, तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्या डोळ्यांत कुंकू घालायला?” मी भरल्या सणाला ओरडले. त्यांनी हळदकुंकवाचं ताट उचललं; पुढे पाहुण्यांना गेटमध्ये उभं करणंही सोडलं. मी ओलं फडकं घेतलं आणि दोन्ही डब्या खसाखसा घासल्या, रागारागाने. काचा लख्ख झाल्या. तरी गेट मिटेना.

बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, दसरा झाला की चार दिवसांनी येतो. चार दिवस! मी मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ शोधला. त्यातला पोरगा हसत हसत सांगत होता की सेन्सर गडबड करत असेल तर मोटरच्या डब्यातल्या ह्या खुणा केलेल्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा जोडा, गेटला वाटेल रस्ता मोकळा आहे. मी शाळेत शिकवते तसं मेन स्विच बंद केलं, पायात रबरी चप्पल घातली, तार सोलली आणि जोडली. तीन मिनिटांचं काम. गेट सरळ जाऊन मिटलं. मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाला पुन्हा फोन करून सांगितलं, “राहू द्या, येऊ नका, झालं आमचं.”

मी गेटचा डोळा बांधला होता. हे मला त्या क्षणी माहीत होतं, दुसऱ्या दिवशी माहीत होतं, आणि रोज शाळेला जाता-येता त्याच गेटमधून जाताना माहीत होतं. सवडीने काढू म्हणत राहिले. शिवाय आता गेट कुत्रं आडवं गेलं म्हणून थांबत नव्हतं, त्याचं मला बरंच वाटायचं. तारेचं घरात कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही, हे आज लिहितानासुद्धा मला खरं वाटत नाही.

दिवाळीची सुट्टी लागली. सकाळचे दहा वाजले असतील. हे गाडी घेऊन नारायणगावला गेले. ते गेले की गेट आपोआप मिटतं, थोडा वेळ थांबून. मी चकल्या तळत होते. बाहेर आत्या आणि शेजारच्या मळ्यातली बाई बोलत होत्या, आत्या खांबाला टेकून, ती बाई रस्त्यावर. गेट सरकल्याचा आवाज मला आला. मी झाऱ्यावरची चकली निथळत होते. मग एक आवाज आला, तो कसला हे मला कळलं नाही, आणि मागोमाग त्या बाईची किंकाळी.

मी धावले. गेटची कड आणि खांब ह्यांच्यामध्ये आत्यांची कंबर होती. मोटर घुमत होती आणि गेट अजून रेटत होतं. आत्यांचं तोंड उघडं, पण आवाज नाही. मी वळले आणि मेन स्विच पाडलं. शॉक लागला की आधी स्विच बंद करा, एवढं एकच डोक्यात होतं. मोटर थांबली. गेट हललं नाही. वीज गेली की ते आहे तिथंच घट्ट राहतं. मी माझ्या हातांनी आत्यांना तिथं कुलूप लावलं होतं.

आम्ही दोघी ओढत होतो. ते पत्र्याचं धूड जागचं हलेना. एक रिमोट ह्यांच्या गाडीत, दुसरा माझ्या पर्समध्ये, आणि पर्स कुठे आहे ते मला काही केल्या आठवेना. तेव्हा ती चावी आठवली. मी कपाटातली बॅग फरशीवर उपडी केली. फ्रिजचं कार्ड, मिक्सरचं कार्ड, पंख्याचं, परत मिक्सरचं. हात तेलकट, पिशव्या निसटत होत्या, आणि बाहेर शेजारीण “आवं लवकर, आवं लवकर” ओरडत होती. पिशवी सापडली. चावी कुठं घालायची ते मला माहीत नव्हतं. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चित्र होतं. चावी फिरवली आणि तेच गेट एका हाताने सरकलं.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो दाखवला. खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन करावं लागेल, पुन्हा स्वतःच्या पायांनी चालतील की नाही ते आताच सांगता येणार नाही, म्हणाले. दिवाळी आम्ही तिथल्या बाकड्यावर काढली. मी कुणाशी बोलत नव्हते. लोकांना वाटलं, सुनेचा सासूवर किती जीव आहे. जीव होताच. पण मी बोलत नव्हते ते वेगळ्या कारणाने.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर आत्यांनी सगळ्यांना एकच सांगायला सुरुवात केली. पुतणे आले, माझ्या माहेरची अवसरीची माणसं आली, शेजारीण आली. “मीच कुकू घातलं त्याच्या डोळ्यात. आंधळं केलं त्याला. माजीच चूक. कुनाला बोल लावू नका.” माणसं मान हलवत, म्हाताऱ्या माणसाला यंत्रातलं काय कळणार, असं तोंडावर म्हणत. मी पायाशी उभी राहून ऐकत होते. एकदाही बोलले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी होते.

ह्यांना मात्र कंपनीवर राग होता. वॉरंटीत आहे गेट, कोर्टात खेचतो, असं ते रोज म्हणायचे. मी म्हणायचे, जाऊ द्या. ऑपरेशननंतर आठवड्याने कंपनीचा तरुण इंजिनियर आला. ह्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही, तोंडाचा पट्टा सुरू. तो शांतपणे खाली बसला, मोटरचा डबा उघडला, आणि बोटाने दाखवलं. “ही तार कोणी टाकली, सर?”

ह्यांनी बसवणाऱ्याला शिवी हासडली. मी म्हटलं, “मी.”

इंजिनियरने वॉरंटीचं कार्ड मागितलं, मागची बाजू उलटली आणि वाचून दाखवली. सेन्सर तोडला किंवा त्याला बगल दिली तर वॉरंटी रद्द. गेटचं वजन वाढवलं तर रद्द. जोराची सेटिंग माहितगाराशिवाय बदलली तर रद्द, कारण जोर वाढवल्यावर गेट माणसाला लागलं तरी मागं फिरत नाही. ह्यांनी पत्र्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. प्रत्येक कलमाखाली आमच्या घरातल्या कुणाचा ना कुणाचा हात होता. कंपनीने पैसे वाचवायला लिहिली असतील असं ज्या ओळींबद्दल मला वाटायचं, त्यातली एकेक ओळ आत्यांच्या हाडावर लिहिलेली निघाली.

मग त्याने माझी तार उपटली, खांबावरच्या डबीवर हात ठेवला आणि दोन बोटांनी ती किंचित वळवली. आतला दिवा लागला. “वाकडी झाली होती फक्त. कुणी जोरात घासली का?”

मी ओट्यावर बसले. कुंकू तर मी पुसूनच टाकलं होतं. त्यानंतरही गेट अडलं ते माझ्या घासण्याने. आणि त्याचं पाप ती बाई खाटेवर पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर स्वतःच्या अंगावर घेत होती.

त्याच दुपारी मी दवाखान्यात गेले. आत्यांना वॉकर धरून पहिल्यांदा उभं केलं होतं. चार पावलं टाकून त्या घामाघूम होऊन पडल्या होत्या. मी खाटेशी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. डबी कशी वाकवली, तार कशी जोडली, कुणाला बोलले नाही, सगळं. “तुमच्या कुंकवाने काही झालं नाही, आत्या. मी केलं.” मला रडू आवरेना. त्यांनी दोन शिव्या द्याव्यात, तोंड फिरवावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगताहेत:

“ती शेजारीन वरडली व्हती मला. म्हनली, आत्या, गेट येतंय, बाजूला व्हा. मी म्हनले, येऊ दे गं. आमच्या सुनंनं सोता नीट केलंय त्ये. थांबतंय.”