इझाबेलचा शेरा

आमच्या नंदाखालच्या शाळेत इझाबेल टीचरइतकी कडक बाई दुसरी नव्हती. कुणाच्या दप्तरात पत्त्यांचा कॅट सापडला, की सगळ्या वर्गादेखत एकेक पान कात्रीने कापायची. आम्ही स्टाफरूममध्ये तिची चेष्टा करायचो. कारण मात्र साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिचे वडील प्लासिड एकेकाळी तीन पत्ती खेळायचे. लहान पोराने पत्ते काटले तर नशीब उघडतं, असं त्यांच्या टोळक्यात मानायचे. म्हणून सात वर्षांच्या इझाबेलला मांडीवर बसवून त्यांनी पत्ते काटायला लावले, आणि त्याच दुपारी केळीची वाडी गेली. प्लासिडनी पुन्हा पत्त्याला हात लावला नाही. इझाबेलनेही नाही, कात्रीने कापण्यापुरता सोडला तर.

नव्याण्णव साली, मार्चमध्ये, कुणीतरी शाळेला जुना कॉम्प्युटर दिला. त्यात तीन पत्तीचाच खेळ होता, पैशांऐवजी नुसते गुण. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना तो खेळू द्यावा का, ते बघायला हेडमास्तरांनी मला सांगितलं. मी पक्की कामचुकार. ते काम मी इझाबेलच्या गळ्यात मारलं. वर म्हटलं, "तुझ्याएवढं पत्त्यांतलं इथे कुणाला कळतं, बाय!" ते बोलणं मला अजून झोंबतं.

शनिवार होता. अकराला शाळा सुटली. प्लासिडना तेव्हा अर्धांग झालेलं, घरी बापलेक दोघंच. इझाबेल रोज एक वाजता घरी जाऊन त्यांना पेज भरवायची. "तासाभरात बघून होईल," असं म्हणून ती कॉम्प्युटरसमोर बसली.

पाच वाजता मी कुलूप लावायला आले, तर बाई तिथेच. डोळे लालभडक. माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांब गं संजना, एवढा डाव होऊ दे."

"इझाबेल, बाबांची पेज?"

ती ताडकन उठली. आम्ही दोघी धावतच तिच्या घरी गेलो. प्लासिड माठाजवळ पालथे पडले होते. पेला दारापर्यंत घरंगळला होता. श्वास नव्हता. इझाबेल त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि ओंजळीने त्यांना पाणी पाजत राहिली. मला ते बघवलं नाही, मी बाहेर येऊन ओट्यावर रडले.

चर्चमध्ये बाबांसाठी महिन्याची मिसा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर ती शाळेत आली. शेरा लिहूनच आणला होता, एका ओळीचा : खेळ मुलांना देऊ नये.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. माणूस भला, पण कुठे गप्प बसावं ते त्यांना कधी कळलं नाही. "पण टीचर, यात पैसा नाही. हरण्यासारखं काहीच नाही. मग हरकत कसली?"

"तीच हरकत आहे, सर," इझाबेल म्हणाली. "बाबा वाडी गेल्यावर तरी डावावरून उठले होते."