मामावर गेला

माझ्या धाकट्या भावाचे स्नायू शाळेत असतानाच झिजू लागले. आता तो चाकाच्या खुर्चीतच असतो. अशाच मुलांच्या आईबापांनी अकोल्यात एक संस्था काढली आहे. ती देणग्या गोळा करते आणि या आजारावरच्या संशोधनाचा खर्च उचलते. तिच्या सभेला मी भावाला घेऊन गेले, तेव्हा माझे दिवस भरत आले होते.

"माहा भाऊ इथं बसून हाये, अन् पैसे प्रयोगशाळेले काहून?" मी भर सभेत विचारलं.

सभेला आलेल्या एक संशोधक बाई शांतपणे म्हणाल्या, "दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय औषध कसं शोधणार? त्यासाठी घरच्यांचंही रक्त लागतं. हा दोष आईकडून मुलाकडे जातो. बहिणीतही तो असू शकतो. तिला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो."

मी बाही वर सारून रक्त दिलं.

तपासणीचा निकाल यायच्या आधीच मुलगा झाला. अमरावतीला माहेरी बारसं होतं. बाळ पाय झाडायचं थांबलं की मी त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करून बघायचे. शेजारच्या काकू पाळण्यात वाकल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "काय वं, पोरगा तं पुरा मामावर गेला!"

बाया हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

भावानं खुर्ची पाळण्यापाशी आणली.

"काकू," तो म्हणाला, "असं नका म्हणू."