पालक हिरवा झाला तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, कॉलेजात नाही. मनात आलं की मी कामाला लागायची. काम काय, नेहमी असतंच.

सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षं. कोल्हापुरात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते. गावाबाहेर दस्तगीरभाईंचा भाजीचा मळा होता. वरच्या अंगाला प्लेटिंगचा, लोखंडावर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायचा, कारखाना निघाला. त्याचं पाणी ओढ्यात, ओढ्याचं मळ्यात. पालक पिवळा पडायला लागला. मी त्यांना बियाणं क जीवनसत्त्वाच्या गोळ्या विरघळवलेल्या पाण्यात भिजवून पेरायला सांगितलं, वर त्याचीच फवारणी.

"माणसाची गोळी भाजीला? आता थर्मामीटरबी लावा की, बाई!" म्हणाले. पण केलं त्यांनी. आणि पालक असा तरारला, की वाटेनं जाणारे थांबून बघायचे.

मग मी पानांची राख करून तपासली. कारखान्याचा विषारी धातू पानांत होता तेवढाच होता. कमी झालाच नव्हता — झाड फक्त तो सोसायला शिकलं होतं. पिवळा पालक कुणी विकत घेतला नसता. मी तो विकण्याजोगा केला.

हे त्यांना सांगायला मळ्यावर गेले होते. खरंच गेले होते.

"बाई, पाणी मानवलं न्हवं?" त्यांनीच विचारलं.

मानवलं, म्हटलं मी. खोटं होतं का ते? झाडाला मानवलं होतंच. पण औषध मानवलं, पाणी मानवलं, म्हणजे आता काळजी नाही — आपण असंच समजतो ना? तेही तसंच समजले. मला ते दिसलं.

"मग सुनंला देतो. दिवस गेल्यात तिला. डॉक्टर म्हणत्यात, पालक खा."

इथं तरी खरं सांगायला हवं होतं ना? पण माझा प्रयोग परिषदेत मांडायचा ठरला होता. माझं नाव पहिल्यांदाच छापलं जाणार होतं. मी म्हटलं, "चांगला धुऊन घ्या."

धुऊन! पानाच्या आतलं धुऊन जात नाही, हे मी वर्गात शिकवत होते.

त्यांनी मला दोन जुड्या दिल्या. मी त्या वाटेतल्या उकिरड्यावर टाकल्या आणि मंगळवार पेठेतून, त्या ओढ्यापासून लांबच्या कोडोलीकडची मेथी घेऊन घरी गेले. म्हणजे मला सगळं नीट कळत होतं.

परिषदेत टाळ्या पडल्या. राखेचा आकडा मी निबंधात घातलाच नाही.

सून बाळंत झाल्यावर दस्तगीरभाई पेढे घेऊन कॉलेजात आले. मी पेढा खाल्ला. बाळ कसं आहे, हे विचारलं नाही — तेव्हाही नाही, नंतरही नाही. पुढं कितीतरी वर्षं ते पेठेत पाटी घेऊन बसायचे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मोठ्यानं सांगायचे, "कॉलेजच्या बाईंनी तपासलेली भाजी हाय!"

तपासली होती मी.