बरखेड्यातला प्रौढ नर

आमच्या घरात एक वन्यजीवपट तयार झालेला आहे. त्यातला वन्यजीव मी आहे.

हे मी हसत लिहितोय असं कोणी समजू नये. मी चिडून लिहितोय. इतकी वर्षं झाली तरी चिडूनच लिहितोय!

आम्ही तेव्हा भोपाळला, बरखेड्यात कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी टर्बाइन विभागात इंजिनीअर. (कारखान्यात माझ्या सहीशिवाय टर्बाइन हलत नसे. घरात माझ्या सांगण्यावरून पंखाही हलत नसे.) मुलगी केतकी बी.एस्सी. झाली आणि म्हणाली, "बाबा, मला फिल्म स्कूलला जायचंय. डॉक्युमेंट्री शिकायला." प्रवेशासाठी स्वतः काढलेला एक छोटा माहितीपट पाठवायचा होता, आणि सगळं त्याच्यावरच ठरणार होतं. मी नाही म्हणालो. मग ओरडून नाही म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "तुमच्यावरच काढते ना, बाबा!"

मी म्हटलं, बघू.

माझ्या डोळ्यांपुढे पूर्वी थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायचे ते सरकारी माहितीपट होते. भारदस्त आवाज, धूर सोडणारी चिमणी, आणि हेल्मेट घालून दूर कुठेतरी बघणारा मी! सफारी सूट कडक इस्त्री करून आणला. अंगणात खुर्ची टाकून टर्बाइनच्या पात्यांवर अख्खी दुपार बोललो. केतकी कॅमेऱ्यामागून मान डोलवत होती. (कॅमेरा बंद होता, हे मला फार नंतर कळलं. बॅटरी वाचवत होती कार्टी!)

कॅमेरा चालू व्हायचा तो मी चिडल्यावर. आणि चिडायला कारणं काय कमी? अंगणाच्या कडेला मी गेरू आणि चुना लावून तिरप्या विटांची रांग रोवली होती. ती कोणाची तरी गाय रोज तुडवायची. शेजारचे तिवारीजी नळ आला की पाइपला टुल्लू पंप लावून आमच्या वाटचं पाणीसुद्धा ओढायचे. चिडलेल्या माणसाला कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसत नाही. गाय दिसते.

फिल्म तयार झाल्यावर केतकी मागे लागली, "बाबा, एकदा घरी बघून घ्या ना, प्लीज!"

"कलाकृती पडद्यावरच बघायची असते," मी म्हणालो. (हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.) आणि मी, स्वतः मी, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिचा खेळ ठेवला! आमच्या जनरल मॅनेजर साहेबांना आग्रहाने बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. तिवारीजींनाही बोलावलं, म्हटलं जळू दे जरा.

दिवे गेले. पडद्यावर पहाट, क्वार्टरांची रांग, लांबवर भोंगा. आणि टीव्हीवर पाणवठ्याशी सिंह दबा धरून बसलेला दाखवताना बोलतात ना, तसा एक कुजबुजता आवाज आला: "भोंगा झाला आहे. प्रौढ नर बिळातून बाहेर येत आहे."

बाहेर आलो मी. बनियनमध्ये! हातात बादली!

आवाज माझ्या बायकोचा होता. लग्न झाल्यापासून शुभा माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलली नव्हती!

"हा नर आपली हद्द विटांनी आखतो," शुभा कुजबुजली. "इतर प्राणी ती मानत नाहीत." पडद्यावर गाय आली. मी चप्पल घेऊन तिच्यामागे पळालो. मग गाय माझ्यामागे पळाली. सभागृह फुटलं! साहेब तर खुर्चीवरून घसरायच्या बेतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताडकन उठून मी ओरडलो, "बंद करा हे!" नेमका तेव्हाच पडद्यावरचा मी भिंतीवरून तिवारीजींवर ओरडत होतो, "बंद करो! टुल्लू बंद करो!" लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. शुभाचा आवाज आला, "धोका जाणवला की नर पुन्हा ओरडतो."

आणि मी पुन्हा ओरडलो!

घरी येऊन जाहीर केलं, "ही फिल्म कुठेही जाणार नाही!"

"बाबा, परवा शेवटची तारीख आहे. माझं वर्ष जाईल."

"जाऊ दे! आयुष्यभर कारखान्यात हाडं झिजवली, आणि पोरीला दिसली काय तर बादली!" मला खरंच लागलं होतं.

केतकीचे डोळे भरून आले. "टर्बाइनवर बोलता तेव्हा तुम्ही कोणीतरी दुसरेच असता. चिडता तेव्हा माझे बाबा असता. मला तेच आवडतात, त्याला मी काय करू?"

मी उठून मोरीत गेलो आणि गुळण्या करत बसलो. (विरघळलो म्हणून नव्हे. ओरडून ओरडून घसा बसला होता.)

सकाळी तिवारीजी दारात हजर. भांग पाडलेला, अंगावर नवा कुर्ता. "भाई साहब, सुना है आप मना कर रहे हैं? कोई बात नहीं. बिटिया हम पर बना ले. सीन-वीन सब वही रहेगा, बस आपकी जगह हम."

माझी जागा? हा टुल्लूवाला? माझ्या मुलीच्या फिल्ममध्ये, माझ्या गायीच्या मागे हा पळणार? मी त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि बसलेल्या घशाने जमेल तेवढं ओरडलो, "केतकी! स्कूटर काढतोय मी! आत्ताच्या आत्ता कुरिअर करून टाकू!"

महिन्याभराने फिल्म स्कूलमधून फोन आला. केतकी ऐकत ऐकत उड्या मारायला लागली. प्रवेश मिळाला होता! शुभा देवापुढे साखर ठेवायला धावली. मग केतकी जरा थबकली आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणतायत फिल्म मस्त आहे. फक्त बापाचं काम करणारा ॲक्टर ओव्हरॲक्टिंग करतो. खरा माणूस इतका चिडत नाही म्हणे."

मी फोन हिसकावून घेतला. "मॅडम! मैं कोई ॲक्टर नहीं हूँ! मैं इसका बाप हूँ, और मैं रोज़ ऐसा ही हूँ! घर में सबसे पूछ लीजिए!"

पलीकडून बाई अगदी मायेने म्हणाल्या, "अच्छा? तो बिटिया को आज ही भेज दीजिए. हॉस्टल हम जल्दी खुलवा देते हैं."