बॉयलरच्या खोलीतला झरोका

घर तापवणारा जुना गॅस-बॉयलर काढून आम्ही विजेवरचा हीट पंप का बसवला, असे स्टुटगार्टमधले परिचित विचारतात, तेव्हा माझे यजमान नव्या नियमांविषयी बोलतात. ते खोटे नाही. पण खरे कारण वेगळे आहे, आणि ते मीच सांगायला हवे.

आमचा बॉयलर तळघरात, म्हणजे केलरमध्ये होता. ज्वलनाला लागणारी हवा तो त्याच खोलीतून घेई. म्हणून बाहेरच्या भिंतीत वीतभर रुंदीचा, जाळी लावलेला झरोका ठेवलेला होता. सासूबाई पुण्याहून कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांना सर्वांत आवडली ती हीच खोली. उबदार आणि कोरडी. "या बिनउन्हाच्या देशात एवढी एक गच्ची बरी सापडली," असे म्हणत त्यांनी तिथे चादर अंथरून सांडगे-कुरडया वाळत घालायला सुरुवात केली, आणि राखण म्हणून खुर्ची टाकून दुपारभर तिथेच बसू लागल्या.

ऑक्टोबरात धुराडे तपासणारा माणूस येऊन सगळे ठीक असल्याचे सांगून गेला. त्याच्या पुढच्याच आठवड्यात सासूबाईंची तक्रार आली: झरोक्यातून धूळ येते, कुरडया दाताखाली करकरतात. मी एका जुन्या सुती साडीची चौकोनी घडी करून झरोक्यात बसवली. कडा नीट आत दाबल्या. काम व्यवस्थित झाल्याचे समाधानही वाटले.

हिवाळाभर त्यांचे डोके दुखत राहिले. मळमळे. वर येऊन पडल्या की बरे वाटे. आम्ही वय म्हटले, पित्त म्हटले, आले-लिंबाचा रस दिला.

फेब्रुवारीत, बॉयलर पुढेमागे बदलावा लागलाच तर म्हणून, नुसती मापे घ्यायला हीटिंगचा कारागीर आला. त्याच्या मागोमाग मी जिना उतरत होते. त्याने केलरचे दार उघडले मात्र, त्याच्या कमरेला लावलेले छोटे उपकरण किंचाळू लागले.

"राउस! सगळे बाहेर!"

सासूबाई खुर्चीतून हलेनात. "अगं, ओरडायला काय झालं याला? बूट काढ म्हणावं आधी, चादर आहे खाली."

त्याने त्यांना सरळ उचलले, अंगणात आणून बसवले आणि अग्निशमन दलाला फोन केला. मुखवटे चढवलेली माणसे आली, त्यांनी गॅस बंद केला. बॉयलर विझला तो कायमचा. त्यांतला एक जण माझी साडी हातात धरून बाहेर आला. घडी अजून मोडली नव्हती.

कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. हवा अपुरी पडली की ज्वलन अपूर्ण राहते आणि हा वायू तयार होतो. हे वाक्य मी पुण्याच्या शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. त्याला दोन गुण असत. अंगणात उभी असताना मला ते पूर्ण आठवत होते.

रुग्णालयात सासूबाईंना ऑक्सिजन लावला. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतार पडतो आहे. पण अशी आणखी एखादी दुपार गेली असती, तर..." झरोका बंद कसा झाला, हे त्यांनी विचारले.

"बहुधा पूर्वीच कधीतरी..." यजमानांनी सुरुवात केली.

"मी बंद केला," मी जर्मनमध्ये म्हणाले. "ऑक्टोबरात."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतले.

"काय सांगितलंस गं त्यांना?" सासूबाईंनी विचारले. मराठीत सांगायला मला अधिक वेळ लागला. "आई, झरोका मी बुजवला होता. तुमचं डोकं त्यानंच दुखत होतं."

त्या मास्क बाजूला सारून म्हणाल्या, "धुळीची कटकट माझीच होती ना? मग रडू नकोस आता. त्या बाईंना वाटेल, मी गेलेच."

"मास्क लावा, आई," म्हणत मी तो त्यांच्या नाकातोंडावर परत बसवला.