मुलाणी मास्तरांची खानेसुमारी

कुणीही आकडा सांगितला की मुलाणी मास्तर विचारायचे, "कुणी मोजलं?" शाळा तपासायला आलेले साहेब चीनची लोकसंख्या सांगू लागले, तेव्हाही त्यांनी आदबीनं हेच विचारलं. साहेब चिडले. मास्तर म्हणाले, "रागावू नका. पुस्तकात यायच्या आधी कुणीतरी दारोदार फिरलं असेल ना? तो माणूस खरा होता का, एवढंच विचारतो."

राजूरच्या पुढं, डोंगरातल्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. एकोणीसशे एकेचाळीसची खानेसुमारी, म्हणजे घरोघरची शिरगणती, आमच्याच गळ्यात पडली. माझ्या वाटणीच्या वाड्या मी शाळेच्या ओसरीवर बसून, पाटलांना विचारून भरल्या. मास्तर मात्र चढण चढून गेले. लढाई चालू होती. सरकार माणसं धरून न्यायला आलं असं वाटून कड्याखालच्या वाडीतले ठाकर रानात पळाले. मास्तर तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला मीही बरोबर होतो. एक म्हातारी तेवढी घरात होती. म्हणाली, "आमी काय शेरडं हाय व्हय, मोजाया?"

मास्तर तिच्या उंबऱ्यावर बसले. "शेरडं मोजून झाली, आजी. तुम्हीच राहिलात."

म्हातारी हसली. तिनं हाळी दिली, तशी एकेक करून माणसं झाडीतून बाहेर आली. मास्तरांनी माणशी एक चिठ्ठी भरली, तान्ही पोरंसुद्धा लिहिली.

आम्ही दोघं कचेरीत चिठ्ठ्या द्यायला गेलो, तेव्हा कारकुनानं त्या वाडीच्या चिठ्ठ्या परत केल्या. मागच्या मोजणीत ही वाडीच नव्हती. वरिष्ठांना उत्तर कोण देणार? "वगळा आणि सही करा."

"माणसं बघून आलोय," मास्तर म्हणाले. "हे गुरुजीही होते."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. घरी बायकोला दिवस गेले होते, बदलीची भीती होती. मी म्हणालो, "मला नीटसं आठवत नाही."

मास्तरांनी कागद कारकुनाकडं परत सरकवला. सही त्यांनी केली नाही. महिन्याभरात त्यांना दूर जामखेडकडं पाठवलं. वाडीच्या चिठ्ठ्या रद्द झाल्या. माझ्या, ओसरीवर भरलेल्या, तशाच पुढं गेल्या.

दोनेक वर्षांनी रेशन आलं. धान्य कागदावरच्या माणसांपुरतं. कड्याखालचा एक गडी दुकानातून रिकामा परतताना मला भेटला. "गुर्जी, यादीत आमची वाडीच न्हाई म्हनत्यात. मास्तरांनी तर लिवलं हुतं ना?"

"लिहिलं होतं," मी म्हणालो, आणि माझी पिशवी घेऊन घरी आलो.

मास्तर जामखेडकडंच तापानं गेल्याचं पुढं राजूरच्या बाजारात कळलं. सांगणाऱ्यानं विचारलं, "तुमचे स्नेही होते ना?"

मी हो म्हणालो.